नकाशात नसलेले चौदा मीटर

हजेरीपटावर त्याचं नाव चांगलं तीन शब्दांचं होतं, पण वीजखात्यात त्याला सगळे मीटर म्हणत. खड्डे खणणारे मीटरभाऊ म्हणत, नव्या इंजिनिअर मॅडम मीटरकाका म्हणत, आणि घरी बायकोही मीटरच म्हणे. तिला तो हक्क होता, कारण ते नाव तिनेच ठेवलेलं.

त्याचं काम म्हणजे जमिनीखाली पुरलेली केबल बिघडली, की ती नेमकी कुठे बिघडली ते जमिनीवरून सांगायचं. त्यासाठी त्याच्याकडे एक पेटी होती. शिवणयंत्राच्या झाकणाएवढी, पुढे पडदा, बाजूला दोन वायरी. पेटीच्या वायरी केबलच्या टोकाला लावल्या की पेटी केबलमध्ये विजेचा एक बारीकसा ठोका सोडते. तो ठोका आतून पळत जातो आणि जिथे केबल तुटलेली किंवा भाजलेली असेल तिथे आपटून थोडासा परत येतो. तो किती वेळात परत आला, त्यावरून अंतर निघतं. पडद्यावर एक हिरवी रेघ सरळ जाते आणि एका जागी खाली बुडते किंवा वर उसळते. बुडाली तर आत तारा एकमेकींना चिकटल्या, उसळली तर तार तुटली किंवा संपली. एवढंच शास्त्र. बाकी सगळा सरावाचा भाग.

मीटर अंतर सांगायचा आणि जॉइंटर खड्डा खणवून केबल जोडायचा. तेहेतीस वर्षं ही जोडी होती. त्यांची एक रीत होती. मीटरने आकडा मोठ्याने वाचायचा आणि जॉइंटरने तो परत म्हणायचा. "दोनशे बारा." "दोनशे बारा." मगच वहीत लिहायचं. नवी माणसं हसत. म्हणत, पाढे म्हणताय की काय? जॉइंटर म्हणे, "अरे, एकाचे कान दुसऱ्याच्या डोळ्यांवर पहारा ठेवतात. तुमचा खड्डा चुकला की कळेल."

जॉइंटर नुसता जोडीदार नव्हता, मीटरचा मेहुणाही होता. मीटरची बायको ही त्याची सख्खी धाकटी बहीण.

ती पाच आठवड्यांपूर्वी गेली.

दवाखान्यात होती, पण दोन दिवसांत सोडतो असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून दोघेही कामावर गेले होते. शाळेमागच्या गल्लीत केबल तपासायची होती. मीटर पेटीसमोर उकिडवा बसला होता, जॉइंटर शेजारी उभा. फोन आला. मीटरने ऐकलं, "बरं" म्हणाला, फोन खिशात टाकला आणि जॉइंटरला सांगितलं, "ती गेली." मग वही मांडीवर घेतली आणि लिहायला लागला. लिहून झाल्यावर वायरी गुंडाळल्या, पेटीला कडी लावली, आणि मग म्हणाला, "चल."

यात सात मिनिटं गेली. जॉइंटरने घड्याळ पाहिलं होतं असं नाही, पण आकडा त्याच्या डोक्यात बसला होता, सात. बहीण गेली आणि हा माणूस सात मिनिटं हिशेबनिसासारखा लिहीत बसला. त्या दिवसापासून जॉइंटरने त्याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलणं टाकलं. बोलायचंच झालं तर "साहेब" म्हणायचा आणि "तुम्ही" म्हणायचा. ज्याच्या ताटातली भाजी तेहेतीस वर्षं उचलून खाल्ली, त्याला "तुम्ही." शिवी दिली असती तर बरं, असं बाकीच्यांना वाटे.

मीटरला काय वाटे, ते सांगणं अवघड आहे, कारण त्याला काही वाटतच नव्हतं. लोक भेटायला आले, तो "हो" म्हणाला. ते उठून गेले, तेव्हाही "हो" म्हणाला. एकदा कामावर कुणीतरी त्याला दाखवलं, की त्याच्या पायांत दोन वेगळ्या जोड्यांचे बूट आहेत. "हो का," म्हणाला आणि दिवसभर तसाच फिरला. एकदा चहाने जीभ भाजली, ते त्याला संध्याकाळी कळलं. लेक दुसऱ्या गावी असते, ती रोज फोन करी. "बाबा, जेवलात का?" तो "हो" म्हणे. फोन ठेवून मग मोरीत जाऊन पाही. ताट धुतलेलं असलं म्हणजे जेवलो असणार.

घरात ओट्यापासून पलंगापर्यंत सहा मीटर चाळीस सेंटीमीटर होतं. पूर्वी कधीतरी त्याने गंमत म्हणून मोजलेलं. आता ते अंतर तो येऊन-जाऊन पार करी आणि मध्ये कुठे थांबायचं ते त्याला सुचत नसे. तिचा चष्मा फ्रिजवर होता. तो हलवायला हवा हे त्याला कळत होतं. हलवायचं म्हणजे ठेवायचा कुठे, इथे येऊन विचार थांबे.

फक्त पेटीपुढे बसला की हात आपोआप चालत. रेघ बुडाली, आकडा आला, वहीत गेला. दिवसातले ते दोन-तीन तासच असे होते, की ज्यांना आरंभ आणि शेवट होता. मात्र आता आकडा तो मनातच वाचायचा. कारण मोठ्याने वाचला तर परत म्हणणार कोण? जॉइंटर पाठ करून उभा असायचा.

अशात पंपिंग स्टेशनची केबल गेली.

गावाच्या उंच भागाला जिथून पाणी चढवतात, ते हे पंपिंग स्टेशन. सबस्टेशनपासून तिथपर्यंत रस्त्याच्या कडेने दोन केबली पुरलेल्या. एक गेली, तसा सगळा भार दुसरीवर आला. सकाळी नऊलाच इंजिनिअर मॅडम चालू केबलच्या टोकापाशी हात धरून उभ्या होत्या. मीटरला म्हणाल्या, "काका, हिला बघा, ताप आल्यासारखी झालीय. संध्याकाळी दोन्ही पंप लावावे लागतात. तोवर बंद पडलेली जोडली नाही, तर हीसुद्धा जाईल. मग अर्ध्या गावाला पाणी नाही."

"बघतो," मीटर म्हणाला.

"आणि खड्डा नीट सांगा हं. रस्ता नवा केलाय. एका खड्ड्याची परवानगी मी कशी आणलीय, माझं मला माहीत."

केबल दोन्हीकडून बंद करून घेतली होती. आत तीन तारा. दोन चांगल्या, एक गेलेली. सबस्टेशनच्या टोकाकडूनही मोजता आलं असतं, पण तिथे दोन्ही केबलींची टोकं एकाच कपाटात होती. ते उघडायचं तर चालू केबलही बंद करावी लागणार, म्हणजे पाणी आत्ताच तोडायचं. तेव्हा जे काही मोजायचं ते याच टोकाकडून.

मीटरने पंपघराच्या फरशीवर बसकण मारली. आधी चांगली तार. रेघ सरळ गेली आणि नऊशे चौऱ्याण्णव मीटरवर उसळली. म्हणजे केबल तिथे संपली. नकाशा उलगडून पाहिला. त्यात केबलची लांबी होती नऊशे ऐंशी.

हे नवीन नव्हतं. ठोका केबलमधून किती वेगाने पळतो, ते केबलीच्या जातीवर असतं, आणि तो वेग पेटीला आपण सांगायचा असतो. वेग थोडा चुकला की सगळी अंतरं थोडीथोडी चुकतात. पेटीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं होतं, की टोकाचा आकडा नकाशाशी जुळेपर्यंत वेगाचं बटण फिरवा. मीटरने फिरवलं. नऊशे चौऱ्याण्णवचे नऊशे ऐंशी झाले. मग बिघडलेली तार लावली. बटण फिरवलं नसतं तर तिथे चारशे चार आलं असतं, आता रेघ तीनशे अठ्ठ्याण्णववर बुडाली.

त्याने मनात वाचलं, तीनशे अठ्ठ्याण्णव. वहीत लिहिलं. कुणी परत म्हटलं नाही.

टेप धरून दोघे रस्त्याच्या कडेने गेले. एकाच टेपच्या दोन टोकांना दोन माणसं, आणि मध्ये तीस-तीस मीटरची शांतता. तीनशे अठ्ठ्याण्णववर मीटरने खडूने फुली मारली. मशीनवाल्याने वरचं डांबर उचललं, पुढे माणसांनी हाताने खणलं. तासाभरात केबल लागली. जॉइंटर खाली उतरला, फडक्याने पुसत, चाचपत दीड मीटर गेला. दोन्हीकडे हातभर आणखी खणवलं. मग वर पाहून म्हणाला, "साहेब, अभिनंदन. तुमची केबल ठणठणीत आहे. एक ओरखडा नाही."

खणणाऱ्यांतला एक खुदकन हसला आणि लगेच फावड्याकडे वळला.

बिघाड पक्का चिकटलेला होता. अशा बिघाडाला दाबाने वीज मारली तरी जमिनीतून आवाज येत नाही, त्यामुळे कानाने शोधायची सोय नव्हती. पेटी सांगेल तेच.

मॅडम आल्या. खड्ड्यात डोकावल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. त्यांनी मीटरला बाजूला घेतलं. "काका, मी आणखी एका खड्ड्याची परवानगी मागते. मिळेल. तिसऱ्याची नाही मिळणार. आणि हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. दुसराही रिकामा निघाला, तर पेटी स्टोअरला जमा करा. मी केबल तपासायची बाहेरची गाडी बोलावते. तुम्ही ऑफिसात बसा. सव्वा वर्ष तर राहिलंय. तुमच्यावर काय प्रसंग आलाय, ते आम्हाला कळतं."

"हो," मीटर म्हणाला.

पण पंपघराकडे चालताना त्याच्या मनात एक गोष्ट स्वच्छ उभी राहिली. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच काहीतरी इतकं स्वच्छ दिसलं. पेटी गेली, तर सगळा दिवस घरासारखा होईल. ओटा ते पलंग, पलंग ते ओटा. त्याला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. खोल पाण्यात पाय सोडून तळ लागत नाही हे कळावं, तसं कळलं.

फरशीवर बसून त्याने पुन्हा वायरी लावल्या. रेघ तीच, आकडा तोच. आडात नसेल ते पोहऱ्यात कुठून येणार? चूक पेटीत नव्हती, त्याने पेटीला जे सांगितलं त्यात होती. पुस्तकातलं ऐकून वेग फिरवला. पण या जातीच्या केबलीचा वेग तर त्याने स्वतः पूर्वी मोजून ठेवलेला होता. दर नव्या वहीच्या शेवटच्या पानांवर तो ती यादी उतरवून घ्यायचा. तेहेतीस वर्षांची सवय. सकाळी ती त्याला आठवलीसुद्धा नव्हती.

एक हात बटणावर, एक वायरीच्या चिमट्यावर. त्याने मान न वळवता म्हटलं, "वही बघतोस? वेगाची यादी आहे. या केबलीचा आकडा सांग."

जॉइंटर दाराशी उभा होता. हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग येऊन फरशीवरची वही उचलली. यादी शेवटी आहे हे मीटरने सांगितलं नव्हतं, आणि याने विचारलं नाही. तो पहिल्यापासून पानं उलटू लागला. पंपांचा घरघराट चालू होता. पानं उलटण्याचा आवाज थांबला, ते मीटरच्या उशिरा लक्षात आलं.

"हे काय आहे?" जॉइंटर म्हणाला.

"काय?"

"हे पान."

त्याने वही मीटरच्या डोळ्यांपुढे धरली. वर तारीख होती. खाली, शाळेमागची गल्ली. आणि त्याखाली, एकाखाली एक, ओळीने, रेघ न सोडता, सुवाच्य अक्षरात: २४७ मीटर. २४७ मीटर. २४७ मीटर. पान संपेपर्यंत.

मीटर पाहत राहिला. अक्षर त्याचंच होतं.

"मी एकदाच लिहिला होता," तो म्हणाला.

"एकदाच? मोज."

आणि मीटरने खरोखर मोजलं. बोट एकेका ओळीवर ठेवत, ओठ हलवत, वरून खालपर्यंत. जॉइंटर तेवढा वेळ वही धरून वाकून उभा राहिला.

"एकोणतीस," मीटर म्हणाला.

"एकोणतीस," जॉइंटर म्हणाला.

परत म्हटलं, ते त्याच्या तोंडून सवयीने गेलं. मग तो भिंतीकडच्या पालथ्या बादलीवर बसला. एका पंपाने आवाज बदलला, पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"मला वाटलं, तू काम पुरं करतोयस," तो शेवटी म्हणाला. "मला वाटलं, या माणसाला आकडा महत्त्वाचा. पाच आठवडे मी मनात तुला शिव्या घालतोय."

"मलाही वाटलं, मी कामच पुरं करतोय."

"येड्या."

"हो."

"हो काय हो? सारखा आपला हो." जॉइंटरने फडक्याने तोंड पुसलं. फडक्याला केबलीवरचं काळं होतं, ते गालावर लागलं. "तुझी पेटी काय म्हणतेय? मोठ्याने वाच. मला काय स्वप्न पडणारे?"

मीटरने यादीतला वेग शोधला, बटण मागे फिरवून तिथे आणलं, चांगली तार लावली आणि वाचलं, "शेवट नऊशे चौऱ्याण्णव."

"नऊशे चौऱ्याण्णव. आणि नकाशात?"

"नऊशे ऐंशी."

"म्हणजे किती जास्त?"

"चौदा."

"चौदा," जॉइंटर म्हणाला आणि बादलीवरून उठला. "चौदा? सकाळपासून चौदा येतायत, आणि तू मूग गिळून बसलायस?"

"तू बोलत नव्हतास."

"अरे, मी नव्हतो बोलत, पण तुला आठवत नाही? ही केबल टाकली कुणी?"

"आपण."

"नकाशा काढला कुणी?"

"मी."

"मग? पहिलं ड्रम चारशे मीटर केबलीचं होतं. पंपघरापासून जोडाच्या खड्ड्यापर्यंत लागली तीनशे शहाऐंशी. किती उरली?"

मीटरने नकाशा पुन्हा पुढे ओढला.

"चौदा उरली. रीतसर काय करायचं? तुकडा कापायचा, स्टोअरला न्यायचा, वजन करायचं, स्टोअरकीपरची सही घ्यायची. आणि तो माणूस सही करायला एक तास लावायचा, आठवतंय? आधी कान कोरायचा, मग पेन शोधायचा. मी म्हटलं, मरू दे, खड्ड्यात वेटोळं करून टाकू, दोन वेढे बसतील. पुढेमागे कुणाला तरी उपयोगी पडेल. तू म्हणालास, नकाशात दाखवावं लागेल. मी म्हटलं, दाखवलंस तर साहेब विचारेल का नाही कापली. काढ सरळ रेघ. आणि तू काढलीस. आयुष्यात एवढं एकच खोटं काढलं असशील."

"घाई कसली होती?" मीटरने विचारलं. विचारतानाच त्याला कळलं होतं.

"घाई!" जॉइंटरचा आवाज चिरकला. "बहिणीला नोकरी लागली होती त्या दिवशी. घरी जेवण होतं. मी तुला ओढत नेलं. हातपायसुद्धा धड धुतले नव्हतेस. तिने विचारलं, लांबून आलात का? आणि तू काय सांगितलंस?"

"बाराशे चाळीस मीटर," मीटर म्हणाला.

"बाराशे चाळीस मीटर! आई गं. माणूस म्हणतो, जवळच आहे, लांब आहे, चालत आलो. हा म्हणतो बाराशे चाळीस. हसता हसता तिला ठसका लागला. म्हणाली, दादा, या मीटरला आधी पाणी दे."

पंपघराच्या खिडकीतून ऊन फरशीवर आलं होतं. मीटरने त्याच्याकडे पाहिलं. छातीत काहीतरी होईल, असं त्याला वाटलं. झालं नाही. फक्त ते जेवण, ती खोली, खुंटीला टांगलेली तिची नवी पर्स, हे सगळं त्याला एका बाजूने दिसलं. काचेपलीकडचं दिसतं तसं, आवाजाशिवाय.

"याच तारेवर," जॉइंटर म्हणाला. "जोड दिसतो का बघ."

केबलीच्या जोडापाशी ठोका किंचित अडखळतो. रेघेवर तांदळाएवढा फुगवटा येतो. नीट पाहिलं नाही तर तो सुटतो. मीटरने पडद्यावरचं चित्र मोठं केलं आणि नाक लावून पाहिलं. फुगवटा होता.

"चारशे."

"चारशे. नकाशात जोड तीनशे शहाऐंशीला. चौदाचे चौदा जोडाच्या अलीकडे, एका जागी. आणि बिघाड?"

मीटरने वायरी गेलेल्या तारेवर नेल्या. "चारशे चार."

"चारशे चार. म्हणजे जोडापासून चार मीटर पुढे." जॉइंटरने बोटं मोडली. "जमिनीवर तीनशे नव्वद. आपण खणलं तीनशे अठ्ठ्याण्णव. काखेत कळसा नि गावाला वळसा."

खरी चूक कुठे झाली, ते आता दोघांना दिसत होतं. चौदा मीटर एका वेटोळ्यात होते आणि मीटरने वेग फिरवून ते अख्ख्या केबलीवर सारखे पसरवून टाकले होते. पुस्तक चुकलं नव्हतं. पुस्तकाला नकाशावर भरवसा होता, आणि नकाशा काढणाऱ्याला त्या संध्याकाळी जेवायला जायचं होतं.

दुसऱ्या खड्ड्याची फुली जॉइंटरने मीटरला मारू दिली नाही, स्वतः मारली. मॅडम म्हणाल्या, "आठच मीटर अलीकडे? काका, नक्की ना?"

"तीनशे नव्वद," मीटर म्हणाला.

"तीनशे नव्वद," जॉइंटर म्हणाला. "मॅडम, हा खड्डा रिकामा निघाला, तर मलाही याच्या शेजारी ऑफिसात बसवा. दोघे मिळून फायलींना छळू."

खणताना मीटर कडेला उभा होता. हाताशी पेटी नव्हती, तेव्हा हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. माती निघत होती. आधी कोरडी, मग ओलसर, मग केबलीवर पूर्वी घातलेली वाळू. जॉइंटर खाली उतरला. त्याची पाठ दिसत होती, हात दिसत नव्हते. खणणाऱ्यांनी फावडी टेकली.

"सापडली," तो म्हणाला.

रस्त्याकडेच्या नव्या कठड्याचा एक लोखंडी खांब खाली उतरताना तिरका गेला होता आणि केबलीच्या कुशीत टोक रुतवून बसला होता. भोवती नाण्याएवढं काळं. वरून पाहणाऱ्याला कठडा सरळसोट दिसत होता.

मॅडमनी श्वास सोडला. मग त्या कामाला लागल्या. "जोडायला किती वेळ? दोन जोड लागतील ना, मध्ये तुकडा घालून? रात्र होईल."

जॉइंटरने वर पाहिलं. "एकच जोड. मागे चार मीटर खणू द्या, मग सांगतो."

मागे चार मीटर खणलं, तेव्हा वेटोळं लागलं. दोन वेढे आणि थोडं वर, ॲल्युमिनियमच्या तारेने तीन जागी बांधलेले. तार अजून चमकत होती. जॉइंटरने माती हाताने बाजूला केली. मीटरला खाली बोलावलं नाही, पण सरकून जागा केली. मीटर उतरला. दोघे वेटोळ्याच्या दोन बाजूंना बसले.

"बांधणी कुणाची आहे सांग," जॉइंटर म्हणाला.

"तुझी. माझी गाठ सुटते."

"सुटतेच."

बिघडलेला भाग आणि जुना जोड मिळून पाचेक मीटर कापून टाकले. वेटोळं उन्हात तापू दिलं, मग चौघांनी धरून, लहान मुलाचा हात धरून चालवावं तसं हळूहळू, पाच मीटर पुढे आणलं. तुकडा घालावा लागला नाही. एकच जोड. जॉइंटर दुपारभर त्यावर वाकून होता. मीटर त्याला हत्यारं देत होता. मागितलेलं देत होता, मागायच्या आधीही देत होता. पाच वाजता केबल चालू झाली. मॅडम दुसऱ्या केबलीला हात लावून आल्या आणि म्हणाल्या, "उतरला ताप." मग मीटरला म्हणाल्या, "पेटी राहू दे तुमच्याकडेच, काका. मी काही बोलले नव्हते."

वेटोळ्यात नऊ मीटर शिल्लक होते.

"कापायचे का?" जॉइंटरने विचारलं. "आता स्टोअरकीपर नवा आहे. कान कोरत नाही."

"राहू देत."

"मग या वेळी लिही बाबा नकाशात."

मीटरने नकाशा मांडीवर घेतला. तीनशे शहाऐंशीवर, आपल्याच सरळ रेघेवर, बारीक दोन वेढे काढले. शेजारी लिहिलं: वेटोळं, शिल्लक नऊ मीटर. मग पेन तसंच धरून थांबला.

"टाकल्याची तारीख लिहावी लागेल," तो म्हणाला. "ती मला आठवत नाही."

जॉइंटरने सांगितली. मीटरने लिहिली. एकदाच लिहिली. जॉइंटर खांद्यावरून पाहत होता.

संध्याकाळी जॉइंटर त्याच्या घरी आला. न विचारता आला. बूट दारात काढले, तडक आत गेला, टोपलीत काय आहे ते पाहिलं, आणि "या घरात एक सुरी धड नाही," असं म्हणत भाजी चिरायला बसला. फ्रिजपाशी गेला तेव्हा चष्म्याजवळ थोडा थांबला. हलवला नाही. बाटली काढून दार लावून घेतलं.

मीटर खुर्चीवर बसून होता. रडू आलं नव्हतं. येईल असंही वाटत नव्हतं. सुरीचा आवाज येत होता, तो मात्र ऐकू येत होता.

लेकीचा फोन आला. "बाबा, जेवलात का?"

मीटरच्या तोंडाशी "हो" आलं होतं. त्याने ओट्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही. तुझा मामा आलाय. भाजी चिरतोय."

पलीकडे लेकीने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "मामा बोलतोय तुमच्याशी?"

"काय म्हणतेय ती?" आतून जॉइंटर ओरडला. "मोठ्याने सांग!"

"विचारतेय, तू माझ्याशी बोलतोस का."

"तिला सांग, तुझ्या बापाशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलणं. पण आकडे बरोबर सांगतो. मीठ किती घालू विचार तिला. तिच्या आईचं माप तिला माहीत असेल."

मीटरने विचारलं. लेकीने सांगितलं, पण तिचा आवाज नीट येत नव्हता, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. मग मान वळवून आत सांगितलं.

"दीड चमचा."

"दीड चमचा," आतून आवाज आला.